तेरणेच्या पात्रातली तिहेरी उडी

पुण्याहून निघालेल्या आमच्या बसच्या पुढच्या काचेखाली कुणीतरी कापडी फलक बांधला होता : 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी मैदानी स्पर्धा, उमरगा'. हडपसरच्या नाक्यावर एका हवालदारानं बस थांबवली, फलक सावकाश वाचला आणि ड्रायव्हरला विचारलं, "हे उमरगा कुठल्या देशात आलं?"

तो थट्टा करत नव्हता. बसमधल्या आमच्यापैकी निम्म्या लोकांनाही त्याचं उत्तर नीट देता आलं नसतं. उमरगा हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. तिकडे सलग दोन वर्षं पाऊस रुसला होता. दरवर्षी भरणारा कुस्त्यांचा फड यंदा भरवायचा नाही असं ठरलं, कारण पैलवानांना खुराक कुठून आणणार? मग तालुक्यातला दूध संघ, जिनिंग, ग्राहक भांडार अशा सहकारी संस्थांनी एकत्र येऊन विचार केला, की लोकांची मान जरा वर होईल असं काहीतरी करू. पुणे, हैदराबाद, औरंगाबाद इथे शिकणारे परदेशी विद्यार्थी पुष्कळ. त्यांना बोलवायचं, आपली मुलं त्यांच्यासमोर उभी करायची, आणि कॉलेजच्या नव्या मैदानाचं उद्घाटन करायचं. अशी ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा.

मी तिहेरी उडीवाला. ही उडी म्हणजे काय हे मी घरी आईला अजून पटवू शकलेलो नाही, म्हणून आमच्या चिपळूणकडच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. लांबून धावत यायचं, जमिनीत पुरलेल्या लाकडी फळीवर पाय मारून हवेत जायचं, त्याच पायावर उतरायचं, ही लंगडी. लगेच दुसऱ्या पायावर ढांग. आणि तिथून शेवटची उडी, वाळूच्या हौदात. फळी आणि वाळू यांच्यामध्ये अकरा मीटर नुसती कडक जमीन असते. ती दोनदा पायाखाली येते आणि दोन्ही वेळा सगळं अंग एका पायावर पडतं. त्यामुळे या खेळात माणसापेक्षा कधीकधी जमिनीचं जास्त चालतं.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. पंधरा मीटर ओलांडायचे म्हणून चार हिवाळे मी घाम गाळला होता आणि दर वेळी थोडक्यात अडकलो होतो. पुढच्या वर्षी परदेशात विद्यार्थ्यांची मोठी स्पर्धा होणार होती. तिच्यासाठी दिल्लीत सराव शिबिर भरणार होतं आणि उमरग्याला येणारे मुख्य पंच तिथे पाठवायला तिहेरी उडीचा एकच भारतीय मुलगा निवडणार होते. तो मुलगा मी, असं मी मनात धरून चाललो होतो.

शेजारी इद्रिस बसला होता. सुदानमधल्या कोर्दोफानचा, पुण्यात वाणिज्य शिकणारा, माझ्याहून वीतभर उंच. आम्ही एकाच मैदानावर सराव करायचो. त्याची उडी माझ्यापेक्षा कितीतरी लांब जायची, पण तो परदेशी, त्यामुळे दिल्लीच्या वाटेत तो माझ्या आड येत नव्हता. मैत्री टिकायला याची मदत झाली असावी.

सोलापूर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी रानं लागली. फेब्रुवारी महिना. या दिवसांत ज्वारीत माणूस हरवायला हवा, म्हणे. इथे ज्वारी गुडघ्याला लागत होती आणि कणसाच्या जागी नुसती शेंडी होती. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं ओळीनं बसलेली. बाया, बाप्ये, डोक्यावर फडकी. बस जवळ आली की हातोडे थांबत, फलक वाचला जाई, मग पुन्हा ठकठक सुरू.

नळदुर्गाच्या अलीकडे बसच्या नाकातून वाफा यायला लागल्या. रेडिएटर उकळला होता. कसेबसे गावातल्या एका हॉटेलापर्यंत पोचलो. मालक म्हणाला, "च्या पाहिजे तेवढा पिवा. पानी मागू नका."

ड्रायव्हर काकुळतीला आला. "अहो, गाडीला पाहिजे. माणसांना नको."

"मान्सालाच न्हाय तर गाडीला कुठनं आनू?"

मग त्यानं इद्रिसकडे निरखून पाहिलं. "ह्ये पाव्हनं कुठलं?"

इद्रिस पुण्यात शिकलेल्या हिंदीत म्हणाला, की मी सुदानचा, मिसर म्हणजे इजिप्त देशाच्या खालचा. मालकानं विचारलं, तिकडची काय खबर? हवा कशी आहे? पाऊस वक्तावर पडतो का? इद्रिस एकदम खुलला. खबर, हवा, वक्त हे सगळे त्याच्या अरबीतले शब्द. निजामाच्या राजवटीत मुरलेल्या या मुलखात माणसं ते शब्द रोज तोंडात घोळवत होती, आणि पुण्यात चार वर्षं काढलेल्या माझ्या मित्राला पहिल्यांदा आपल्या घराजवळ आल्यासारखं वाटत होतं. दोघांनी बाकावर बसून शब्दांची देवाणघेवाण केली. दुकान, साबण, वजन, किताब. शेवटी मालक उठला, मागच्या बाजूला गेला आणि कपबश्या धुतलेलं पाणी डब्यात भरून घेऊन आला.

"ह्ये घाला गाडीत. चालंल का?"

चाललं. पुढचा सगळा रस्ता आमच्या बसला चहाचा वास येत होता.

उमरग्याला आमचं स्वागत दूध संघाच्या चेअरमननी केलं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. धोतर, पांढरी टोपी आणि मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा आवाज. आंघोळीला दोघांत एक बादली मिळाली आणि जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावून केलेली). आमटी अशी झणझणीत की इराणचा एक धावपटू जेवण संपेपर्यंत रडत होता आणि मान हलवून 'छान, छान' म्हणत होता.

संध्याकाळी आम्ही मैदान पाहायला गेलो.

धावण्याचा गोल रस्ता मुरूम टाकून चांगला केला होता. उड्यांची पट्टी मात्र एका कडेला, काळ्या मातीवर आखलेली. पाण्याविना ती माती फाटली होती. एका भेगेत माझा पाय घोट्यापर्यंत गेला. आणि हौदात वाळूऐवजी खडी यंत्राची कच, बारीक टोकदार चुरा. ट्रकवाल्यानं तीच आणून ओतली होती. लांब उडी निदान गाद्या टाकून उरकता येईल, असं कुणीतरी म्हणालं. मुख्य पंचांनी वाकून कच मुठीत घेतली, भेगांवरून चालून पाहिलं आणि सांगितलं, "तिहेरी उडी इथे होणार नाही. पोरांचे पाय मोडतील. रद्द करा."

त्यांचं बरोबरच होतं. पण चार वर्षं एका मिनिटात गेली, असं वाटलं.

तेवढ्यात मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा एक उंच, सडपातळ मुलगा हातातलं डबडं खाली ठेवून पुढे आला. "सर, म्या एक बोलू का?"

"बोल."

"आमच्या माकनीला तेरणेत वाळूच वाळू हाय. धरनाचं काम चालू हाय तिथं. मातीच्या गाड्यांसाठी नदीत उतरायला रस्ता केलाय, रोलर फिरवून फिरवून दगडावानी झालाय. म्या तिथंच उड्या मारतो."

"तू उड्या मारतोस?"

"व्हय. उद्या ह्यांच्यासंगंच मारनार हाय." त्यानं माझ्याकडे आणि इद्रिसकडे बोट केलं.

तो मिलिंद. उमरग्याच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. दिल्लीच्या जागेसाठी आपल्यासमोर हा उभा राहणार, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या पायांतल्या कॅनव्हासच्या बुटांतून दोन्ही अंगठे डोकावत होते. मला त्याची भीती वाटली नाही.

पंच म्हणाले, "आंतरराष्ट्रीय स्पर्धा नदीच्या पात्रात घ्यायची?"

अण्णा म्हणाले, "साहेब, आता नदीत पानीच न्हाय, तर तिला मैदान म्हना की. ट्रक मी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उडीवाले, दोन पंच, उपटून काढलेली लाकडी फळी, मोजपट्टी, कुदळी आणि फावडी असे सगळे एका ट्रकमधून निघालो. माकणी उमरग्याच्या उत्तरेला, तासाभराच्या धुळीच्या रस्त्यावर. मलेशियाचा एक मुलगा सारखा विचारत होता, की स्टेडियम अजून किती लांब. आम्ही कुणीही त्याला खरं सांगितलं नाही.

आणि मग एका चढावरून ते दिसलं. डाव्या हाताला धरणाची भिंत, अजून अर्धवट, लांबच लांब तपकिरी टेकडीसारखी. तिच्यावर मुंग्यांसारखी माणसं आणि मातीच्या गाड्या. आणि भिंतीच्या वरच्या अंगाला नदीचं रिकामं पात्र. फिकट, स्वच्छ, बारीक वाळू, वळण घेत दूरपर्यंत गेलेली. उन्हात ती दुधाच्या सायीसारखी दिसत होती. काठावरून एक लाल रस्ता सरळ पात्रात उतरला होता आणि पुढे सपाट होऊन वाळूत संपत होता. मी उडी मारून उतरलो, त्या रस्त्यावर टाच आपटली. टाच वर आली! पुण्याच्या मैदानापेक्षा चांगली जमीन होती ती.

धरणावरच्या ओव्हरसियरनं आपलं तिपाईवरचं यंत्र आणून रस्त्याचा उतार पाहिला आणि सपाट भाग नियमात बसतो असं सांगितलं. पंचांचा चेहरा सैल झाला. रस्ता संपतो तिथे पोरांनी कुदळी उचलल्या.

"ए बाबा, थांब. कुदळ खाली ठिव."

काठावरून एक बाई तरातरा चालत आल्या. पन्नाशीच्या, काष्टा घातलेल्या, काखेत घागर. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरातल्या, सुंदराकाकू. अण्णांनीसुद्धा त्यांना पाहून आवाज खाली आणला.

"हितं आमचा झिरा हाय," त्यांनी बोट दाखवलं. (झिरा म्हणजे आटलेल्या नदीच्या वाळूत पाण्यासाठी केलेला खड्डा.) खरंच, थोड्या अंतरावर वाळूत एक खोलगट खळगा होता आणि तळाशी परातभर पाणी चमकत होतं. "सकाळधरनं बसावं तवा एक घागर भरती. तुमी हितं धपाधपा पडला की वाळू ढासळंल अन् झिरा बुजंल. मग सांजच्याला पोरासोरांनी काय, तुमच्या टाळ्या प्यायच्या का?"

पंच समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे."

"आसंल. झिरा गावचा हाय."

अण्णांनी टोपी काढून घाम पुसला. "काकू, तुमीच सांगा कुठं खनू."

त्या वाळूतून चालत रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला बऱ्याच लांब गेल्या आणि टाचेनं एक रेघ ओढली. "हितनं पल्याड काय बी करा." त्यामुळे सगळी आखणी फिरवावी लागली. रस्त्याचं तोंड तिकडे वळवायचं, मुरूम टाकून ठोकायचा, फळी नव्यानं पुरायची. दुपारपर्यंतचं काम निघालं. मी कुरकुरलो. पण धरणावरून काही गडी आले, गावातले आले, आणि मिलिंदनं शर्ट काढून घेतलेलं फावडं शेवटपर्यंत सोडलं नाही. उडी मारायच्या दिवशी कुणी असं अंग दमवत नाही. मी मात्र बाभळीच्या सावलीत पाय लांब करून बसलो होतो.

इद्रिस सावलीत बसला नाही. तो झिऱ्याकडे गेला, कडेची वाळू ढासळू नये म्हणून पोटावर आडवा झाला आणि वाटी हातात घेऊन थांबून राहिला. पाणी निवळलं तशी अलगद वाटी बुडवून त्यानं काकूंची घागर भरायला सुरुवात केली. काकू बघतच राहिल्या.

"ह्येला कुनी शिकिवलं?"

मी विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे नद्या वर्षातले बरेच महिने अशाच असतात. माझी आई रोज हेच करते.

ते ऐकून काकूंनी त्याच्याकडून वाटी घेतली, भरली आणि त्याला प्यायला दिली. त्यानं अर्धी प्यायली आणि उरलेली अर्धी, शेजारून फावडं घेऊन जाणाऱ्या मिलिंदपुढे धरली.

मिलिंद थांबला. घामानं भिजला होता, तहान लागलेली दिसत होती. पण त्यानं हात पुढे केला नाही. "तुमी पिवा. आमचा झिरा खाली हाय," असं म्हणून तो निघून गेला.

पात्रात खाली, बऱ्याच अंतरावर, दुसरा एक खळगा होता. तिथेही बाया बसल्या होत्या. मिलिंदची आई त्यांतच होती. इद्रिसनं मला विचारलं, "नदी एक आहे ना? मग खड्डे दोन का?"

मी सांगितलं नाही. मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या गावीही विहिरी दोनच आहेत. शेवटी तो सरळ मिलिंदकडे गेला. दोघं थोडा वेळ उभ्यानं बोलले. मिलिंद शांतपणे सांगत होता. घरात धर्म बदलला, बुद्धाची वाट धरली त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण झिरे दोनच राहिले, असं काहीसं. मग इद्रिस खालच्या झिऱ्यावर गेला, मिलिंदच्या आईकडे ओंजळ केली आणि तिथलंही पाणी प्यायला. काकू घागर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं होतं.

दुपार कलल्यावर स्पर्धा सुरू झाली. तोवर काठ माणसांनी भरला होता. धरणावरची पाळी सुटली आणि मजूर डोक्यावरची घमेली तशीच घेऊन खाली आले. त्यांना नियम कुणी समजावले नव्हते. पण पहिल्या दोन उड्या पाहून त्यांनी स्वतःच खेळ ओळखला आणि घमेल्यांवर दगडानं ताल धरला. धावताना हळूहळू वाढणारी खणखण, आणि मग लंगडीला एक, ढांगेला एक, उडीला एक, असे तीन मोठे ठोके. असं मैदान मला पुन्हा कुठे मिळेल असं वाटत नाही.

इद्रिसनं पहिल्याच उडीत निकाल लावून टाकला. तो हौदात उतरला तेव्हा घमेली वाजायची थांबली आणि काठावरून 'आयो!' असा एकच आवाज आला. त्यानंतर पहिला कोण हा प्रश्न उरला नाही. माझ्यासाठी प्रश्न होता तो पहिल्या भारतीयाचा.

माझी दुसरी उडी चांगली पडली. पंधराच्या अलीकडे, पण माझ्या नेहमीपेक्षा बरी. हैदराबादचा एक मुलगा माझ्या मागे, मिलिंद त्याच्याही मागे. मिलिंदचे पाय जड झाले होते. सकाळच्या खोदकामानं ते होणारच होते. पाचव्या उडीनंतर तो काठावर बसला आणि पोटऱ्या चोळू लागला. त्याचे वडील धरणावरून आले होते, अंगावर मातीचा लेप. ते जवळ बसले. त्याचा एक पाय मांडीवर घेतला आणि रगडत राहिले.

शेवटच्या उडीआधी मिलिंदनं बूट काढले आणि वडिलांकडे दिले.

तो धावायला लागला तेव्हा त्याच्या पायांचा आवाजच वेगळा होता. अनवाणी पायांचा, थपथप असा, भाकरी थापल्यासारखा. फळीवर पाय बरोबर पडला. लंगडी फार उंच नव्हती, पण लांब. ढांग त्याहून लांब. मला ढांगेतच कळलं. तिसऱ्या ठोक्याला तो वर गेला आणि वाळूत असा पुढे कोसळला की सगळं तोंड वाळूत गेलं.

मोजपट्टी धरली गेली. माझ्यापेक्षा वीतभर पुढे आणि पंधराच्या पलीकडे.

काठावर जो गलका झाला त्यात माझी पाळी आली आहे हे पंचांना दोनदा सांगावं लागलं. माझी शेवटची उडी. समोर तो लाल रस्ता, टोकाला फळी, पलीकडे वाळू. मला वाटलं आता सगळे मिलिंदभोवती जमतील, मी एकटाच धावणार. पण पहिल्या पावलाबरोबर घमेली वाजायला लागली. माझ्यासाठी! तो ताल जणू पाठीमागून मला ढकलत होता. फळी पायाखाली आली ती कळलीसुद्धा नाही. लंगडी, ढांग... जमीन दोन्ही वेळा तशीच कडक, तशीच भली. शेवटच्या उडीत मी हवेत असताना मला धरणाची सगळी भिंत दिसली, इतका मी वर होतो.

मी पंधरा मीटर ओलांडले. आयुष्यात पहिल्यांदा.

पंचांनी पट्टी दोनदा लावली. मिलिंदच्या उडीपेक्षा दोन बोटं कमी.

मी उठून पात्रात थोडा बाजूला गेलो आणि वाळूत बसलो. रडलो नाही, पण कुणी बोलावं असंही वाटत नव्हतं. इद्रिस आला आणि विचारल्याशिवाय शेजारी बसला.

"तू आज कधी नव्हे एवढी लांब उडी मारलीस," तो म्हणाला.

"आणि हरलो."

"हो. दोन्ही खरं आहे. आधी पहिल्याचा आनंद करून घे, दुसरं काही पळून जात नाही."

मला हसू आलं. राग होता, तो होताच. पण हसू आलं.

तिकडे मिलिंद अजूनही डोळे चोळत उभा होता. डोळ्यांत, तोंडात वाळू, आणि त्याला काही दिसत नव्हतं. त्याची आई खालच्या झिऱ्याकडून तांब्या घेऊन धावत निघाली होती, पण ती लांब होती. जवळ उभ्या होत्या त्या सुंदराकाकू. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग काखेतली घागर पुढे घेऊन म्हणाल्या, "धर रे हात."

मिलिंदनं आंधळ्यासारखी ओंजळ धरली. काकूंनी वरून धार सोडली. त्यानं डोळे धुतले, चूळ भरली, मग पुन्हा ओंजळ धरली आणि प्यायला. दिवसभर बसून भरलेली घागर होती ती. काकूंनी ती अर्धी रिकामी केली.

संध्याकाळी मिलिंदच्या आईनं आम्हा दोघांना घरी जेवायला नेलं. दोन खोल्या, शेणानं सारवलेल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर. हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची गरम पेज) आणि भाकरी. आमच्या कोकणातलंच कुळीथ, पण इथे त्याला लसणाची आणि गुळाची अशी दोन्ही चव. मी तीन वेळा मागून घेतलं. जेवताना इद्रिसनं काकूंच्या पाण्याची गोष्ट काढली. मिलिंदची आई चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "वरनं वतलं."

तिनं निखारे सारखे केले. मग म्हणाली, "पन वतलं."

मिलिंदनं तिच्याकडे पाहिलं. "आये, पुढच्या बारीला तांब्या हातात मागीन म्या."

"माग की. आधी दिल्लीस्नं तर ये."

वडील धरणाविषयी बोलले. भिंत पुरी झाली की पाणी अडेल आणि ज्या वाळूत आम्ही दिवसभर उड्या मारल्या ती सगळी बुडेल. तो लाल रस्ता, फळीची जागा, दोन्ही झिरे. त्यांचं दोन एकर रानही त्यात जाणार होतं. मी म्हणालो, "वाईट वाटत असेल."

"वाटतंय तर. पन पानी येतंय नव्हं," ते म्हणाले. "म्या स्वता माती टाकतोय त्या भिंतीवर. ती लवकर व्हावी म्हनून टाकतोय."

"मग मिलिंद सराव कुठं करणार?"

त्याचे वडील पहिल्यांदाच मोकळे हसले. "सर, पानी आल्यावर जागा घावंल की. जागा लई हाय. पानीच न्हाय."

दुसऱ्या दिवशी उमरग्याला बक्षीस समारंभ झाला. दूध संघानं पहिल्या नंबराला पितळी चरवी दिली. ती इद्रिसनं डोक्यावर ठेवून दाखवली आणि सगळा मांडव हसला. पंचांनी दिल्लीसाठी मिलिंदचं नाव पुकारलं. अण्णांनी ध्वनिक्षेपकाची वाट न पाहता जागेवरूनच ओरडून सांगितलं, की पोराला नवे बूट आम्ही सगळ्या संस्था मिळून देऊ. खाली उतरल्यावर मिलिंद माझ्यापाशी आला.

"तुमी लई मोठी मारली, सुर्वेसर. म्या घाबरलो व्हतो."

"सर म्हणू नकोस. शिबिरात लंगडी जरा उंच घ्यायला शिकवतील, ते शिकून घे. ढांग बदलू देऊ नकोस."

"व्हय." त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो. तीच रानं, तीच ठकठक. येताना मी ती पाहिली होती ती बाहेरून, जरा कीव करत. जाताना हातोडेवाल्यांनी फलक वाचला तेव्हा मी खिडकीतून हात हलवला, आणि एका बाईनंही हातोडा वर करून उत्तर दिलं. तिला मी कोण ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरी मला ओळख पटल्यासारखं वाटलं.

आता एप्रिल आहे. मिलिंद दिल्लीच्या शिबिरात आहे. परदेशी जाणाऱ्या संघात त्याचं नाव लागतं का, हे लवकरच कळेल. मी परीक्षेचा अभ्यास करतो आहे आणि संध्याकाळी अजूनही मैदानावर जातो. दोन बोटं मनातून गेलेली नाहीत. ती जातील असंही वाटत नाही, पण आता ती टोचत नाहीत, धावायला लावतात.

इथले मित्र मला विचारतात, तू पंधरा मीटर मारलेस ते मैदान कुठे आहे, आम्हालाही पाहायला घेऊन चल. मी त्यांना रस्ता सांगतो. सोलापूरहून उमरगा, तिथून उत्तरेला माकणी, चढावरून डाव्या हाताला भिंत दिसेल. पण सांगताना मनात एकच येतं. तुम्ही तिथे पोचाल तेव्हा तुम्हाला ते मैदान दिसू नये. काठावर उभं राहून नजर पोचेल तिथवर पाणीच दिसावं.